न्यायाधीशांनी खरवस खाल्ला

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. किती वर्षांपूर्वीचं म्हणाल, तर ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. पण तिथल्या न्यायाधीशांची गोष्ट अजून सांगतात, म्हणून मीही सांगतो.

त्या गावात तुळसाक्का नावाची बाई राहायची. एकटा जीव. पुढे-मागे कोणी नाही, होती ती एक तांबडी गाय. अडीच वर्षांपूर्वी बाजारात एका वाटसरूकडून तिनं ती घेतली, तेव्हा गाय एवढीशी कालवड होती. तुळसाक्कानं तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली. शेजारीच न्यायाधीशांचं घर. तुळसाक्का त्यांना दादा म्हणायची, आणि तेही तिला बहिणीसारखं मानायचे.

एके दिवशी वरच्या वाडीचा रायाजी चावडीत येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुळसाक्काची गाय माझी आहे. कालवड असताना माझ्या कळपातून चोरीला गेली होती."

गाव हसलं. हसणारच हो! रायाजी म्हणजे पक्का भांडकुदळ. बांधावरून भांडायचा, पाण्यावरून भांडायचा, काहीच मिळालं नाही तर कुणाचा कोंबडा लवकर आरवला म्हणून भांडायचा. त्याचं कोण खरं मानतं?

तुळसाक्का मात्र हसली नाही. गाय गेली तर ती जगणार कशावर? मग तिनंच आपली समजूत घातली. निवाडा दादांच्या हातात आहे, आणि दादांना सगळं माहीत आहे.

सुनावणीचा दिवस ठरला. नेमकी आदल्या दिवशी पहाटे गाय व्याली. छान तांबडी कालवड झाली.

आता त्या गावची रीत अशी, की ज्याच्या घरी गाय व्याली त्यानं पहिल्या चिकाचा खरवस आळीतल्या प्रत्येक घरी द्यायचा. एक घर जरी राहिलं तरी ते वर्षभर फुगून बसायचं. तुळसाक्कानं गूळ-वेलदोडे घालून खरवस केला आणि घरोघर वाट्या पोचवल्या. दादांकडेही दिली. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्या आनंदात खटल्याची आठवणसुद्धा तिला राहिली नव्हती.

दुपारी न्यायाधीश बाहेरून आले, जेवायला बसले. खरवसाच्या दोन वड्या त्यांनी चवीनं खाल्ल्या आणि तिसरी उचलली.

"झकास झालाय. कुणाकडचा गं?"

"तुळसाक्काकडचा. तिची गाय व्याली ना आज," बायको म्हणाली.

न्यायाधीशांनी हातातली वडी खाली ठेवली. ते भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी चावडी माणसांनी भरून गेली होती. न्यायाधीश आले, पण गादीवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "ज्या गायीचा तंटा आहे, तिच्याच चिकाचा खरवस काल मी खाल्ला. नकळत खाल्ला, पण खाल्ला. हा खटला मी चालवणार नाही. पलीकडच्या परगण्यातले न्यायाधीश येऊन चालवतील."

रायाजीसुद्धा गोंधळला. "दोन वड्यांनी काय होतंय महाराज? बसा तुम्ही. माझी हरकत नाही."

"तुझी नाही, माझी आहे," न्यायाधीश म्हणाले. "खरवस फार गोड होता रे. त्याची चव तोंडात असताना तुझं म्हणणं मला सरळ कानांनी ऐकता यायचं नाही."

आणि ते खाली उतरून लोकांमध्ये जमिनीवर जाऊन बसले. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं नकळत हात जोडले.

तुळसाक्का मात्र संतापली. बाहेर येताच म्हणाली, "दादा, दोन वड्यांपायी माझं वाटोळं करता? तो परका माणूस मला काय ओळखणार?"

"ओळखत नाही, म्हणूनच त्याला बोलावलंय तुळसा."

तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. आठ दिवस ती त्यांच्या दारावरून मान फिरवून जायची.

नवे न्यायाधीश आले. त्यांनी तुळसाक्काचं ऐकलं, मग रायाजीला विचारलं, "गाय तुझी कशावरून?"

"मागच्या उजव्या मांडीवर चंद्रकोरीचा डाग आहे. माझ्या सगळ्या गुरांना लहानपणीच तापल्या लोखंडानं देतो. पहिल्या दिवसापासून सांगतोय महाराज, पण माझं कुणी ऐकूनच घेत नाही."

लोक पुन्हा हसले. नवे न्यायाधीश हसले नाहीत. त्यांना रायाजी ठाऊकच नव्हता. त्यांनी न्हाव्याला बोलावून गायीच्या मांडीवरचे दाट केस भादरायला सांगितले. केस पडले आणि खाली पुसटशी चंद्रकोर दिसली. रायाजीच्या कळपातली दोन गुरं आणवली, तर त्यांच्याही मांडीवर तीच.

निवाडा झाला. गाय रायाजीची. तुळसाक्का निर्दोष, कारण तिनं फसून चोरीची कालवड घेतली होती. तिनं गाय वाढवली, तिचं बाळंतपण केलं, म्हणून वासरू तिचं; आणि ते चरायला लागेपर्यंत गाय तिच्याच गोठ्यात राहील. रायाजीनं मान डोलावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो न भांडता घरी गेला.

तुळसाक्का रडली. खूप रडली. मग डोळे पुसून न्यायाधीशांच्या दारात गेली.

"दादा, खरं सांगा. तुम्ही गादीवर असता तर?"

"गाय तुलाच दिली असती. पहिल्या दिवशी चावडीत तो डागाचं सांगत होता आणि मी मनात हसत होतो. अगदी स्वच्छ मनानं मी त्याची गाय तुला देऊन मोकळा झालो असतो."

भिंतीपलीकडे इतकी वर्षं राहणारा हा माणूस केवढा मोठा आहे, हे तुळसाक्काला आज दिसलं. ती पाया पडायला वाकली, तसे न्यायाधीश झटकन मागे सरले.

"नको तुळसा. मी हसलो ते खरवस खाण्याच्या आधीच. वाटी आली नसती तर मी गादीवर बसलोच असतो, आणि माझ्या हातून काय झालं ते मला कधी कळलंही नसतं."

तात्पर्य काय, तर न्याय करणाऱ्यानं कुणाचं काही घेऊ नये हे झालंच. पण आपलं मन कुणाकडे झुकलं आहे हे त्यानं त्याच्याही आधी तपासावं, आणि झुकलेलं दिसलं तर गादीवरून खाली उतरावं.