चिमाक्काच्या पारावरचे भुंडे हात

ऐका गं बायांनो. आणि सूनबाई, तूही अशी पुढं येऊन बस. ही गोष्ट माझ्या पणजीच्याही आधीची. तेव्हा आपल्या गावात चिमाक्का नावाची कासारीण होती. बांगडी भरावी तर तिनंच. असं म्हणतात, की मनगट हातात धरलं की त्या घरात काय चाललंय ते तिला कळायचं. वळ दिसला की टोपली तिथंच ठेवायची, त्या घरच्या दारात जायची आणि पुरुषाची अशी खरडपट्टी काढायची, की तो बाबा चार दिवस चावडीकडं फिरकायचा नाही. सगळं गाव तिला टरकून होतं.

मग तिच्या एकुलत्या एक लेकाचं, मल्हारीचं लग्न झालं. सून आली सुंदरा. मान खाली घालून वावरणारी गरीब पोर. नागपंचमीच्या आदल्या दिवशी चिमाक्कानं तिचा हात हातात घेतला, तर मनगटावर पाच बोटं काळीनिळी उमटलेली.

"काय झालं गं?"

"पडले, आत्याबाई."

पडल्यावर पाच बोटं उमटतात होय? चिमाक्काला सगळं कळलं. पण लेक पोटचा ना! तिनं काय केलं, माहीत आहे? सहा बांगड्या जास्त भरल्या. वळ झाकून टाकला. पोरीनं एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हात मागं घेतला.

पुढच्या सणाला आणखी सहा भरल्या. त्याच्या पुढच्या सणाला बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. शेजारणी म्हणायच्या, काय बाई सुनेचं कौतुक!

चौथ्या सणाला सुंदरा विहिरीत सापडली.

सवाष्ण गेली, तिला हिरवा चुडा भरायला कासारीण हवी. गावात कासारीण एकच. चिमाक्का बसली. असं म्हणतात, पहिली बांगडी वळापाशी आली आणि तडकली. दुसरी तडकली. तिसरी तडकली. टोपली रिकामी झाली, पण त्या हातावर एक बांगडी टिकली नाही. तेव्हा चिमाक्का उठली आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "माझा मल्हारी हिला मारायचा. मी पाहिलं होतं. मीच झाकलं."

मल्हारीला गावानं वेशीबाहेर काढलं. चिमाक्का त्या फुटक्या काचा ओटीत घेऊन पारावर जाऊन बसली. पुन्हा घरात गेली नाही, अन्नाला शिवली नाही, तिथंच संपली. असं म्हणतात, त्या काचा मातीत रुजल्या. अजून पाराखाली हिरवी काच वर येते, कितीही वेचा.

सवाष्णीनं भुंडे हात ठेवू नयेत, हे मलाही ठाऊक आहे. पण नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्या पारावर सासूनं स्वतः सुनेच्या बांगड्या उतरवायच्या, भर दिवसा तिचे हात चारचौघींना दाखवायचे आणि विचारायचं, "कुणी हात उगारला का गं?" उत्तर मिळाल्याशिवाय आपल्या गावात नवी बांगडी चढत नाही.

उद्या आपली पाळी आहे. सूनबाई, परवापासून तू पदराखाली हात धरून वावरतेस, ते मी बघतेय. मलाही एकच लेक आहे गं. फार भीती वाटते. पण उद्या मी विचारीन. आणि तू पडले म्हणू नकोस.