दोन फुलांचा वेळ

खूप जुन्या काळी वानरांची एक टोळी मोहाच्या झाडाखाली फुलं वेचून खात असे. पहाऱ्यावरची वानरी साळू संकट दिसताच ओरडायची, "बिबट्या आला, ओढ्याकडून आला, झाडावर चढा."

नायक भुरकोजी वैतागला. "एवढं पुराण ऐकेपर्यंत माझी दोन फुलं खायची राहतात. यापुढे नुसतं 'खक्' म्हणायचं."

"पण काय आलं, कुठून आलं, ते कळणार कसं?"

"मला शिकवू नकोस."

टोळीने दोन-दोन फुलं जास्त खाल्ली आणि नायकाच्या हुशारीचं तोंडभर कौतुक केलं.

एके सकाळी साळूला मोहाच्याच फांदीवर अजगर दिसला. हुकमाप्रमाणे ती "खक्" म्हणाली. सगळे सवयीने झाडाकडे धावले. भुरकोजी अर्थातच सर्वांत आधी वर पोचला.

विळख्यातून तो कण्हला, "नीट सांगायला काय झालं होतं?"

साळू म्हणाली, "तुमची दोन फुलं राहिली असती."