केरबाने बांधलेला झोका

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं आणि गावात एक मोठा वड होता. मुलं दिवसभर त्याच्या पारंब्यांना लोंबकळत.

एके दिवशी पारंबी तुटली आणि गावचा पाटील केरबा याचा मुलगा मल्हारी खाली पडला. पायाचं मोडलेलं हाड जुळलं, पण पाय थोडा अधू राहिला. केरबाच्या मनाला ते फार लागलं. त्याने सगळ्या पारंब्या तोडल्या आणि वडाभोवती काटेरी कुंपण घातलं.

"आता कुणाचंच लेकरू पडणार नाही," तो म्हणाला.

वडाखाली सामसूम झाली. केरबाला ती बरी वाटली.

पुढे एका दुपारी हरवलेली शेळी शोधत तो डोंगरावर गेला. दरीच्या काठावरून मुलांचं हसणं ऐकू आलं. पाहतो तर मुलं एका रानवेलीला धरून दरीवर झोके घेत होती, आणि त्या वेळी वेलीला लोंबकळत होता मल्हारी.

 ओरडलो तर पोराचा हात सुटेल, म्हणून केरबा दबक्या पावलांनी काठाशी गेला. वेल काठाकडे परत आली, तसं त्याने मुलाला कवेत घेतलं.

"इतक्या लांब कशाला आलात रे?"

मल्हारी मान खाली घालून म्हणाला, "आबा, गावात झोकाच नाही."

घरी येऊन केरबाने आईला सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तू झाड बंद केलंस, बाळा. पोरांचं मन कसं बंद करशील?"

दुसऱ्या दिवशी त्याने कुंपण काढलं. अंबाडीच्या वाखाचा जाड दोर वळला. दोर घासू नये म्हणून फांदीला गोणपाट गुंडाळलं. बाभळीची फळी तासून बसवली, खालचे दगड वेचून तिथे वाळू पसरली. मग सगळ्या गावादेखत तो आधी स्वतः झोक्यावर बसला. फांदी करकरली, पण दोर टिकला.

"ये," तो मल्हारीला म्हणाला. पहिला झोका त्यानेच दिला.

दरीकडे मग एकही मूल फिरकलं नाही. झोक्यावरूनही कधीमधी कुणी पडे, कुणाचा गुडघा फुटे. केरबा जखमेला हळद लावी, आणि दर वर्षी जुना दोर काढून नवा बांधी.

बोध एवढाच: मुलांना भीतीने बांधून ठेवू नये, त्यांच्यासाठी दोर पक्का बांधावा.