राजकन्येचा कंद

एका राज्यात एक राणी होती आणि तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कारण काय, तर तीन वर्षांच्या राजकन्या चित्रांगीने मूठभर माती खाल्ली होती. राणी कनकलेखा चांगली शिकलेली. वैद्यकाचे ग्रंथ तिला तोंडपाठ. पण लेक शिंकली की कोणते पान उघडावे, ते मेले काही केल्या आठवत नसे. उजाडताच तिने हुकूम सोडला : राजवाड्याच्या आवारात मातीचा कण दिसता कामा नये.

सेवकांनी बाग उकरली. डेलियाचे कंद टोपल्या भरभरून वेशीबाहेर फेकले आणि सगळीकडे फरशी घातली.

ती बाग मांत्रिक धूम्रकेशाची होती; राजवाड्याचा माळीही तोच. तो दुपारी आला. आवाजसुद्धा चढवला नाही त्याने.

"मातीची एवढी किळस, राणीसाहेब? मग लेक मातीतच वाढवा. फुलली तर तुमची. कुजली तर मातीची."

राणी धावत पलंगाशी गेली. दुलई सारली. चित्रांगी नव्हती. तिच्या जागी तपकिरी, लांबट, मुळ्या फुटलेला एक कंद निजला होता.

मागून राजा आला.

"हे रताळं इथं कुणी ठेवलं?"

"डेलिया आहे तो," खिडकीतली साळुंकी म्हणाली. "रताळं म्हणू नका, पोर ऐकत असेल."

राजा मटकन खाली बसला. राणीने हात जोडले. "साळुंके, उपाय सांग."

"बागेतच जन्म गेला माझा. चार कामं आहेत. कोंबाचा डोळा वर ठेवून कंद पुरा. कोंब दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नको. रोप वाढलं की शेंडा खुडा. कळ्या आल्या की मधली ठेवा, बाकीच्या तोडा."

"अगं, लेक आहे ती माझी!"

"म्हणूनच सांगतेय."

राणीने स्वतः पहार घेऊन फरशी उखडली, कंद पुरला. पण ऊन तापले आणि तिला राहवेना. पोर तहानली असेल. एकच तांब्या, कोण बघतेय? तिने ओतला, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतला.

साळुंकी किंचाळली. उकरून पाहिले, तर कंदाचे टोक काळे पडून लिबलिबीत झालेले.

"कापा. नाहीतर सगळा जाईल."

राणीने सुरी घेतली. डोळे मिटायचीही सोय नव्हती. सडका भाग कापला, जखमेवर राख चोळली, कंद पुन्हा पुरला. त्यानंतर मात्र तिने तांब्याला हात लावला नाही. वाट पाहता पाहता एके सकाळी कोंब वर आला.

रोप वाढले, काठीला बांधले. शेंडा असा डुलायचा, जशी चित्रांगी जेवताना मान डोलवायची.

"साळुंके, हे तिचं डोकं तर नव्हे?"

"डोकंच आहे. ठेवलंत तर नुसती उंच होईल आणि वाऱ्यानं मोडेल."

राणीने डोके खुडले. बोटांना ओला रस लागला. रोप थरथरले आणि मग बाजूंनी फांद्या फुटल्या.

फांदीवर तीन कळ्या आल्या आणि तिन्ही एकदम म्हणाल्या, "आई!"

राजाने कानांवर हात ठेवले. राणी तिघींकडे पाहतच राहिली. उजवीकडची रडू लागली. डावीकडची म्हणाली, "मला नको ना गं तोडू." मधली गप्प होती. राणीचा हात मधलीकडे वळला, थबकला, परत फिरला. तिने बाजूच्या दोन्ही तोडल्या. जमिनीवर पडताच त्या धूम्रकेशाच्या आवाजात खो खो हसल्या आणि राख झाल्या.

मग परातीएवढे लालभडक फूल उमलले. पाकळ्यांत चित्रांगी बसली होती, कोपरापर्यंत मातीने माखलेली. शाप सरला. आवारातली फरशी आपोआप उलटली, वेशीबाहेरचे कंद गडगडत आपापल्या वाफ्यात शिरले, आणि बागेच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या धूम्रकेशाने मुजरा करून कुदळ उचलली.

राणीने लेकीला उराशी कवटाळले. "बाळा, फार दुखलं का गं?"

चित्रांगीने आईच्या खांद्यावरून मांत्रिकाकडे पाहिले आणि टाळ्या पिटल्या.

"आजोबा, परत! आता आईला पण कंद करा!"