बघितलं रे, सुभाना

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खडकडोहला तेव्हा पूल नव्हता. नाव होती, आणि नावेवर सुभाना भोई होता.

लहानपणी त्याच्या कोपरांच्या आतल्या बाजूला खाज सुटायची, गुडघ्यांच्या मागं सुटायची. पुढं मिशा फुटल्या तशी ती खाज वर चढली आणि पापण्यांवर जाऊन बसली. बसली ती बसलीच. थंडीत पापण्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटायचे, उन्हाळ्यात घाम उतरला की आग आग व्हायची. चोळलं की घटकाभर बरं वाटायचं, मग दुप्पट खाज. नावेला राळ आणि तेल लावायचा, आणि त्याच हातानं पापण्या चोळायचा. असं म्हणतात, बारा वर्षं त्या माणसाला सलग झोप नव्हती.

गावानं एकच ठरवून टाकलं, सुभानाचे डोळे आलेत. आणि आलेल्या डोळ्यांकडं बघितलं की बघणाऱ्याचेही येतात, हे काय कुणाला शिकवावं लागतं? माणसं नावेत चढायची ती मान वळवून, आणि बसायची ती त्याच्याकडं पाठ करून. बायका पोरांच्या तोंडावर पदर ओढायच्या. बलुत्याचं धान्य फळीवर ठेवून लोक लांब सरायचे. उपाय सांगायला मात्र सगळे पुढं, तेही काठावरून ओरडून. हळद लाव! काजळ घाल! कांद्याचा रस पिळ! बिचाऱ्यानं सगळं केलं आणि पापण्या आणखी सोलून घेतल्या.

खाजेनं तो दमला होता, पण त्याहून जास्त तो त्या पाठींना कंटाळला होता. दिवसभर वल्हं मारायचं आणि समोर नुसत्या पाठी. सुभानाचं तोंड कसं आहे, हेच गाव विसरून गेलं.

मग एके दिवशी पाटलानं लांबूनच सांगितलं, "सुभाना, पोळा झाला की नाव दुसऱ्याकडं. अख्ख्या गावाचे डोळे घालवशील तू." सुभानाला ना बायको, ना पोर, एक नाव तेवढी त्याची होती. तीही चालली.

पोळ्याला चार दिवस होते. नदीला हा एवढा पूर. भर दुपारी आवडाई सुईण धापा टाकत घाटावर आली. पाटलाची सून पलीकडच्या वाडीला माहेरी होती आणि बाळ अडल्याची आरोळी त्या काठावरून आली होती. पोळ्यानंतर नाव ज्याच्याकडं जायची होती, तो नवा नावाडी पाणी बघूनच घरी पळाला होता. सुभाना नावेत बसून होता, पण त्या दिवशी त्याच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या.

आवडाई नावेत चढली आणि त्याच्या समोर बसली. तोंडाकडं तोंड करून!

"मावशी, पाठ करा. तुमचे डोळे येतील," सुभाना म्हणाला.

"गप रे. रात्रंदिवस बाळंतिणींचं करते मी, मला कसली भीती घालतोस? उघड डोळा."

त्यानं कसाबसा उघडला. आवडाईनं वाकून नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! डोळा तर दुधासारखा निर्मळ आहे. ना चिपड, ना लाली. पापणी तेवढी सोलली आहे. डोळे आलेत म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांनी."

"बघितलं कुणी?"

सुभानाला रडू फुटलं, आणि आसवांनी पापण्या आणखी चरचरल्या. तसाच त्यानं दोर सोडला. असं म्हणतात, त्या दिवशी त्यानं मिटल्या डोळ्यांनी पूर कापला. कुठल्या खडकावर पाणी कसं वाजतं, ते त्याला पाठ होतं. असंही म्हणतात, की नावेखालचं पाणी घागरीतल्या पाण्यासारखं निवांत झालं होतं. आवडाई वेळेत पोचली. बाळ सुखरूप, आईही सुखरूप.

पोळा झाला तरी पुराला भ्यालेला नवा नावाडी फिरकला नाही. सव्वा महिना आवडाई रोज सुभानाच्या समोर बसून नदी ओलांडत राहिली. मग चावडीवर जाऊन पाटलाला म्हणाली, "बघा माझे डोळे. आलेत का? तुमचा नातू सुभानाच्याच नावेतून तुमच्या घरी आला, त्याचे आलेत का?" पाटलानं मान खाली घातली. नाव सुभानाकडंच राहिली.

आवडाईनं तांब्याच्या ताटात तूप घेतलं आणि पाणी घालून घालून शंभर वेळा धुतलं. हात गळून गेले म्हातारीचे. लोण्यासारखं पांढरं झालं तेव्हा त्याला दिलं. "हेच लाव. बाकी हळद नको, काजळ नको, अन् राळेचा हात तर अजिबात नको." पापण्या निवल्या. पण खरं सांगायचं, तर दुखणं पुरतं गेलं नाही. थंडी आली की परत यायचं, परत निवायचं. आवडाई तूप धूत राहिली, तो लावत राहिला.

"कंटाळलास का रे?" ती विचारायची.

"खाजेला कंटाळलोच आहे, मावशी. पण आता समोर माणसं असतात."

म्हातारा होऊन तो नावेतच गेला. असं म्हणतात, तेव्हा त्याच्या पापण्या तान्ह्या बाळासारख्या झाल्या होत्या. सगळं गाव एकेक करून आलं आणि त्याच्या तोंडाकडं डोळे भरून बघून गेलं. त्या दिवशी कुणीही पाठ केली नाही.

आता पूल आहे. तरी पोळ्याच्या चार दिवस आधी खडकडोहला नाव पाण्यात उतरते. चढणारा प्रत्येकजण आधी नावाड्याच्या डोळ्यांत बघतो, "बघितलं रे, सुभाना" म्हणतो, आणि मगच पाय ठेवतो. धुतलेल्या तुपाचं ताट नावेत फिरतं. गावात ज्या कुणाच्या पापण्या सोललेल्या असतील, त्याला सगळ्यांत पुढं बसवतात, माणसांकडं तोंड करून.