पैलतीरावर बसलेला कासार

आपल्या आजोबांच्या आजोबांनीही जी कुणाकडून तरी ऐकलेली, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट.

एका संथ नदीच्या दोन काठांवर दोन गावे होती. अलीकडचे ऐलगाव, पलीकडचे पैलगाव. त्या मुलखात दसऱ्यापासून होळीपर्यंत गावोगावचे संघ विटीदांडू खेळत. ज्या गावाचा संघ सर्वांत जास्त डाव जिंकेल, त्या गावाची होळी आधी पेटे आणि तिथला विस्तव बाकीच्या गावांत नेला जाई. हा मान मिळावा म्हणून माणसे वर्षभर वाट पाहत.

ऐलगावात एक कासार राहत होता. बायकांच्या हातात बांगड्या भरताना त्याचा हात इतका हलका चाले की लेकी सासरहून माहेरी आल्या की आधी त्याच्याकडे जात. पण त्याचा खरा जीव अडकला होता गावच्या संघात. डाव कुठेही असो, कासार तिथे हजर. त्याचा आवाज नदीपलीकडे ऐकू जाई. गडी म्हणत, "कासारकाका ओरडले की दांडू आपोआप उचलला जातो."

एका वर्षी संघातले जुने गडी थकले, काही दुसऱ्या गावी गेले. एका तरुण सुताराला म्होरक्या केले गेले. झेल घ्यायला एक गुराखी आला. तो पळायला हरणासारखा, पण चारचौघांत बुजणारा.

दसरा झाला आणि खेळ सुरू झाले. ऐलगाव पहिला डाव हरले.

"सुरुवातच आहे," कासार म्हणाला. "अंग मोकळं व्हायला वेळ लागतो."

दुसरा डावही गेला. तिसऱ्यात तर सुताराला विटी नीट कोलताच आली नाही, आणि गुराख्याने हातात आलेला झेल सोडला. त्या दिवशी कासार कुणाशी न बोलता घरी आला आणि ताटावरून अर्धपोटी उठला.

मग त्याची जीभ सुटली. पारावर, पाणवठ्यावर, बांगड्या भरतानासुद्धा तोच विषय. "सुतारानं रंधाच धरावा, दांडू त्याचं काम नाही. आणि त्या गुराख्याच्या हातांना लोणी लावलंय का?" लोक हसत. हसणाऱ्यांत कधी गुराख्याची आईही उभी असे. ती मात्र हसत नसे.

पुढच्या डावात विटी पुन्हा गुराख्याकडे उंच आली. सोपा झेल होता. पण हात वर करण्याआधी त्याने एकदा कासाराकडे पाहिले. तेवढ्यात विटी त्याच्या पायाशी पडली.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" कासार सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला.

घरी आल्यावर त्याची बायको म्हणाली, "अहो, तो पोरगा विटीकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघत होता."

"म्हणजे चूक माझी?"

"मी काय पाहिलं ते सांगितलं. चूक कुणाची, ते तुम्ही ठरवा."

कासाराला राग आला. आयुष्यभर ज्यांच्यासाठी घसा कोरडा केला, त्यांच्या पराभवाचा दोष आता आपल्याच माथी? दुसऱ्या दिवशी सुतार त्याला बोलवायला आला. "काका, आज डाव आहे. येताय ना?"

"हरणं बघायला कशाला येऊ?" कासार म्हणाला. "पैलगावचे बघ कसे खेळतात. बघायचंच तर ते बघावं."

सुतार खाली मान घालून निघून गेला.

आणि खरोखरच कासार बांगड्यांची पेटी घेऊन नावेने पैलगावी जाऊ लागला. सकाळी बांगड्या विकायच्या, दुपारी त्यांचा खेळ पाहायचा. पैलगाव जिंकतच होते. कासार टाळ्या वाजवी. ओरडायला तोंड उघडी, पण आवाज काही फुटत नसे. नुसती मान हलवून तो म्हणे, "छान. फार छान."

तिथे त्याच्या शेजारी एक म्हातारा बसायचा. एकदा कासार त्याला म्हणाला, "तुमचं नशीब थोर, बाबा. असा संघ मिळाला."

"मिळाला नाही," म्हातारा म्हणाला. "हे पोरगे खेळायला लागले तेव्हा दोन हिवाळे नुसते हरत होते."

"मग तुम्ही काय करायचात?"

"बसायचो."

"बसून काय करायचात?"

"काही नाही. डाव संपला की त्यांच्याबरोबर घरी जायचो." म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिले. "तुम्ही ऐलगावचे ना? तुमच्या पोरांबरोबर आता कोण जातं?"

कासार पेटीतल्या बांगड्या उगाच लावत बसला.

थंडी ओसरू लागली. एके दिवशी ऐलगावचाच संघ पैलगावी खेळायला आला. नदीच्या वाळूवर एका अंगाला ऐलगावची माणसे बसली, दुसऱ्या अंगाला पैलगावची. कासार रोजच्या जागी, म्हाताऱ्याशेजारी बसला होता. उठून पलीकडे जावे असे त्याला वाटले. पण कोणत्या तोंडाने जाणार?

डाव अटीतटीचा झाला. सुताराचा हात आता बसला होता. त्याने असे टोले मारले की पैलगावचे गडी धावून दमले. शेवटी पैलगावचा सर्वांत चांगला गडी खेळायला उतरला. तो टिकला तर पैलगाव जिंकणार होते. त्याने टोला हाणला. विटी आभाळात गेली आणि गुराख्याच्या दिशेने वळली.

गुराख्याने कुणाकडेही पाहिले नाही. तो विटीकडे पाहत मागे मागे सरकला, आणि तिला अलगद ओंजळीत घेतले.

ऐलगावची माणसे धावत सुटली. कासार ताडकन उभा राहिला. आजूबाजूचे सगळे पैलगावकर खाली बसलेले, आणि मध्ये हा एकटा उभा. त्याच्या मनात आले, 'आपण तिथे नव्हतो, म्हणूनच त्याला झेल घेता आला.'

"जा आता," म्हातारा शांतपणे म्हणाला. "ती तुमचीच माणसं आहेत."

कासार गेला. कुणी त्याला टोचून बोलले नाही. सुताराने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मंडळी घोळका करून बोलत होती. अवकाळी पावसात भिजत हरलेला डाव, परतताना चिखलात रुतलेली गाडी, त्या रात्री एकाच घोंगडीत दाटीवाटीने बसलेले गडी. एकाने आठवण काढावी आणि सगळ्यांनी हसावे. कासारही हसू पाहत होता. पण यातले काहीच त्याला ठाऊक नव्हते. गूळ तोंडात घालायचे त्याला सुचले नाही. तो हातातच विरघळला.

शेवटी तो गुराख्याजवळ गेला. "तुला फार बोललो मी," तो म्हणाला. "आणि तुझा झेल पाहिला, तो पैलगावात बसून."

"दिसला ना नीट?" गुराखी लाजून म्हणाला. "मग झालं, काका."

पण कासाराचे समाधान झाले नाही, आणि ते बरेच झाले. होळीचा मान त्या वर्षी पैलगावलाच मिळाला. पुढच्या दसऱ्यानंतर ऐलगाव पुन्हा पहिला डाव हरले, मग दुसराही. लोक कुरकुरत उठून गेले. कासार मात्र शेवटपर्यंत बसून राहिला. गडी दांडू गोळा करून निघाले, तेव्हा तो उठला, धोतराची माती झटकली आणि त्यांच्याबरोबर चालत घरी गेला.

बोध: हरत्या दिवसांत जो सोबत चालतो, जिंकल्याचा आनंद त्याचाच असतो.