साळुंकीच्या बातम्या

माळावर कुंपणं पडायच्या आधीची गोष्ट. एक साळुंकी बाभळीच्या शेंड्यावरून रोज बातम्या द्यायची: पाणी कुठे उरलंय, बोरं कुठे पिकलीत, रानमांजर कुठे दबा धरून बसलंय. दिवसभर ओरडून किडे वेचायला तिला उजेडच उरायचा नाही.

"रोज घरटी एक अळी द्या," ती शेवटी म्हणाली.

"वाऱ्यावर येतं ते फुकटच असतं, बाई," तित्तीर खेकसला. जन्मभर तिच्याच हाकेवर जगलेला शहाणा! होल्यानं तिच्या आवाजाचं तोंडभर कौतुक केलं. अळी मात्र कुणीच दिली नाही.

रानमांजर उदार निघालं. "रोज पोटभर टोळ देईन. बातमीआधी फक्त माझं नाव घ्यायचं."

नाव घेतल्यानं काय झिजतं, असं म्हणून साळुंकी कबूल झाली.

दुसऱ्याच दिवशी तित्तिराशेजारचं गवत हललं. खाल्ल्या टोळांना जागून ती ओरडली, "ही बातमी सदैव आपल्या सेवेत असणाऱ्या रानमांजरसाहेबांच्या सौजन्याने..."

तेवढ्यात तित्तिराची मान दातांत गेली.

"तित्तीर गेले," साळुंकी म्हणाली, "रानमांजरसाहेबांच्या सौजन्याने."

"बातमी कशी लगेच मिळाली," होला म्हणाला, "आणि तीही फुकट!"